उंचीवरचा उखाणा

खोली जागची हलत नव्हती, पण आत बसलेली माणसं वर चालली होती. दिंडोरी रस्त्याला, द्राक्षांची खोकी बनवणाऱ्या कारखान्याला खेटून एक पत्र्याची शेड आहे, तिच्यात ही काचेची खोली. खोलीतल्या हवेतला ऑक्सिजन हळूहळू कमी करत न्यायचा, म्हणजे जमिनीवर बसलेल्या माणसाच्या अंगाला वाटतं, आपण एव्हरेस्टच्या खांद्यावर येऊन टेकलो. बाहेर खिळे ठोकल्याची ठकठक, आत ढगांपलीकडची विरळ हवा.

या खोलीतून सुवर्णाला पास होऊन बाहेर पडायचं होतं. नकाशे काढणाऱ्या एका कंपनीनं तिला वैमानिक म्हणून घेतलं होतं. कंपनीचं विमान छोटं, पोटाशी कॅमेरा बांधलेलं. डोंगरदऱ्यांचे फोटो काढायला ते खूप उंच जायचं, आणि मोठ्या विमानात असते तशी आतली हवा धरून ठेवायची सोय त्याला नव्हती. वर गेलं की तोंडावर मास्क लावायचा. पण नळी निसटली, बाटली संपली, तर? तर हवा कमी पडतेय हे वैमानिकाला स्वतःलाच कळायला हवं. म्हणून ही परीक्षा. मास्क काढून बसायचं, दिलेली कामं करायची, आणि आपलं डोकं बिघडायला लागलंय हे ओळखून आपल्याच हातानं मास्क चढवायचा. दुसऱ्या कुणी चढवला तर नापास. संधी तीन. तिन्ही हुकल्या तर विमानात दुसरं कुणीतरी बसणार, आणि सुवर्णा खाली टेबलाशी बसून त्याच्या फोटोंना फोटो जोडणार.

परीक्षा घेणाऱ्या डॉक्टर मोहिनी भोये मूळच्या सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या. सारी नोकरी वैमानिकांची नाडी धरण्यात गेलेली. डोंगरातल्या माणसांना कमी हवेची सवय असेल नाही, असं पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि आमच्या डोंगरात धाप लागते ती डोक्यावरच्या मोळीमुळं, असं सांगून विषय मिटवला.

मग त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली. "डोकं लबाड असतं. ऑक्सिजन कमी पडला की ते सगळ्यात आधी घरी कुणाला पाठवतं? चुका तपासणाऱ्याला. मग चुका होत राहतात आणि सांगणारा कुणी नसतो. उलट फार छान वाटतं. जगात आपल्यासारखं हुशार कुणी नाही, असं वाटायला लागलं की समजा, घोटाळा झाला."

शरीर मात्र खूण देतं, असं त्या म्हणाल्या. कुणाची नखं निळी पडतात, कुणाचे कान तापतात, कुणाच्या पायाला मुंग्या येतात. प्रत्येकाची खूण वेगळी, आणि ती दर वेळी बहुतेक त्याच चालीनं येते. आपली खूण आपण हुडकायची.

आधी ललितची पाळी होती. ललित अहिरे सुवर्णाबरोबर त्याच विमानात बसणार होता. मूळ गाव नामपूर, पण पुण्यात शिकल्यापासून असा काही घासूनपुसून बोलायचा, की चहावाल्यालासुद्धा 'कृपया साखर कमी' म्हणायचा. मास्क काढून तो आकडे वाचत बसला. आवाज स्वच्छ, पाठ ताठ. काचेबाहेरून डॉक्टरबाईंनी माइकवर विचारलं, कसं वाटतंय. ललित गोड हसला आणि म्हणाला, "माले काय व्हयनं नही. बठ्ठं बेस शे."

'आहे'च्या जागी आपल्या तोंडातून निघालेलं ते 'शे' त्याच्याच कानावर पडलं आणि तो दचकला. आई सोडून कुणाशी तो अहिराणी बोलत नव्हता. त्यानं झटक्यात मास्क ओढला. पहिल्याच फेरीत पास.

मग सुवर्णा बसली. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, समोर विमानातल्यासारखी घड्याळं, मांडीवर लहान पोरांचा असतो तसला भोकांचा लाकडी खोका आणि निरनिराळ्या आकारांचे ठोकळे. कोपऱ्यात यादव नावाचा तंत्रज्ञ स्वतः मास्क लावून उभा. तिनं मास्क काढला. एक ठोकळा बसवला, दुसरा बसवला. कान थंड होते, नखं गुलाबी होती. बरं वाटत होतं. मग आणखी बरं वाटायला लागलं. श्रावणात फुगडी घालताना वेग वाढला की समोरच्या मैत्रिणीचा चेहरा तेवढा ठाम राहतो आणि बाकी सगळं अंगण वितळून जातं, तसं. आपण ठोकळे इतके झरझर बसवतोय, म्हणजे डॉक्टरबाई आज चकित होणार, असा विचार तिच्या मनात आला. एवढ्यात यादवनं पुढं होऊन तिला मास्क चढवला, याचा तिला रागच आला.

नंतर तिघांनी पडद्यावर रेकॉर्डिंग पाहिलं. पडद्यावरची सुवर्णा चौकोनी भोकात गोल ठोकळा ठेवून वरून मुठीनं हाणत होती आणि लाजत, मान तिरकी करून, काचेपलीकडच्या ललितकडे बघत म्हणत होती:

"चौकोनी भोकात घातला गोल ठोकळा,
ललितरावांच्या नावानं केला श्वास मोकळा."

पडद्यावरची सुवर्णा थांबायला तयार नव्हती. घसा साफ करून तिनं पुढचा घेतला:

"गंगापूरच्या धरणावर उतरले बगळे,
ललितरावांच्या विमानात बसलो आम्ही सगळे."

डॉक्टरबाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं आणि रुमालानं चष्मा पुसायला घेतला, तो पुसतच राहिल्या. ललितचे कान, ऑक्सिजन भरपूर असताना, लालभडक झाले होते. त्याचा साखरपुडा नुकताच झाला होता. हे रेकॉर्डिंग पुसता येईल का, असं त्यानं अतिशय शुद्ध मराठीत विचारलं.

सुवर्णाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि त्याहून नवल वाटलं. उखाणा तिनं जन्मात घेतला नव्हता. तिची आई नवसाबाई मात्र मखमलाबादपासून म्हसरूळपर्यंत उखाण्यांसाठी प्रसिद्ध. लग्नसराईत नवऱ्या मुली तिच्याकडं रांग लावायच्या. कुणाला नवऱ्याच्या नावाला जोड मिळत नसे, कुणाला सासूला टोमणा बसेल पण कळणार नाही असा हवा असे. नवसाबाई शेवंतीचे हार ओवता ओवता एकेकीला दोन ओळी बांधून द्यायची. सुवर्णा त्या घरात गणितं सोडवत वाढली. तिला वाटायचं, ते सगळं आपल्या कानावरून गेलं. कुठं गेलं होतं? आतच तळाशी बसलं होतं, वरचा पहारेकरी घरी जायची वाट बघत.

खूण तर सापडली. डॉक्टरबाई म्हणाल्या, अशी ठसठशीत खूण नशिबानं मिळते. नखं बघायला विसरशील, पण यमक जुळलं की तुला ऐकू येईल. जुळलं की मास्क. सोपं काम.

दुसऱ्या फेरीला सुवर्णा हा मंत्र पाठ करूनच बसली. या वेळी ललितनं आपण होऊन मागच्या बाकावर, तिला दिसणार नाही अशी जागा धरली. इंधनाचा हिशेब करायचं काम होतं. तिनं पहिला केला, दुसरा केला. तिसऱ्याला ओठांवर आपोआप आलं:

"मखमलाबादच्या मळ्यात शेवंतीचा वाफा…"

तिला कळलं. अगदी स्वच्छ कळलं. हीच ती. हात मास्ककडे गेला, मास्क हातात आला, अन् तिथंच अडला. उखाणा निघाला होता, नाव यायचं होतं.

त्यांच्या घरात एक गोष्ट फार कडक. उखाणा सुरू केला की मधे सोडायचा नाही. सासूनं हाक मारू दे, दूध उतू जाऊ दे, आधी नाव पुरं करायचं. अर्धं सोडलेलं नाव म्हणजे त्या माणसाला उंबऱ्यात एका पायावर उभं करून ठेवणं, असं नवसाबाई मानायची. म्हणून सुवर्णा नाव शोधू लागली. लग्न झालं नव्हतं, तेव्हा हक्काचं नाव नव्हतंच. ललितरावांवर आता बंदी. यादवराव होते, पण त्यांना बायको होती, दोन मुलं होती. डॉक्टरबाईंचं नाव चालेल का, यावर तिनं थोडा विचार केला. मग यमकाकडं वळली. चाफा. ताफा. लिफाफा. एकेक शब्द असा चमकून येत होता की जसं काही कुणी टोपलीतून काढून हातावर ठेवतंय. मास्क मांडीवर. तिच्याएवढं सुखी त्या घटकेला नाशिक जिल्ह्यात कुणी नव्हतं.

यादवनं मास्क चढवला. शुद्ध नीट आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते असं, की थोडं थांबायचं होतं, जमत आलं होतं.

डॉक्टरबाई आत आल्या. या वेळी हसल्या नाहीत. "ओळखलंस ना?"

"हो."

"मग?"

"उखाणा अर्धा होता, मॅडम."

डॉक्टर मोहिनींनी खुर्ची ओढली. गर्वापायी मास्क न लावणारे वैमानिक त्यांनी पाहिले होते, आळसापायी, पैज मारून, मिशी बिघडेल म्हणूनसुद्धा. हे कारण त्यांना नवीन होतं. त्या एवढंच म्हणाल्या, की रीत मला कळते, मीही इकडचीच आहे, पण वरची हवा पाहुणीसारखी दारात थांबत नाही. आता एकच फेरी राहिली होती.

सुवर्णा घरी आली तेव्हा दुपार कलली होती. ओसरीवर शेवंतीचा ढीग, त्याच्याआड नवसाबाई, सुईदोरा चालू. वडील चिमाजी शेजारी बसून फुलांतला काडीकचरा निवडत होते. फुलबाजारात संध्याकाळचे हार पोचवायचे होते. सुवर्णानं सगळं सांगून टाकलं.

नवसाबाईच्या सुईनं फक्त एक प्रश्न विचारण्यापुरती विश्रांती घेतली. "ललितराव कोन?"

"माझ्याबरोबर विमानात असतो. त्याचं लग्न ठरलंय, आई."

"मग त्याचं नाव कशापायी घेतलं?"

"समोर बसला होता म्हणून."

नवसाबाईनं चिमाजींकडं बघितलं. "माझंबी तसंच झालं व्हतं," ती म्हणाली, आणि चिमाजी काडीकचऱ्यात फार खोलवर काहीतरी शोधू लागले.

ठोकळ्याचा उखाणा तिनं पुन्हा म्हणायला लावला. वजन बरं हाय, पण श्वास मोकळा झाला असं नवऱ्याच्या नावापुढं म्हणू नये, लोक भलताच अर्थ काढतात, असा शेरा मारला. बगळ्यांचा तिला आवडला. मग तिनं तोड काढली. डॉक्टरीणबाईला सांगायचं, दोन ओळी व्हईस्तोवर दम धरा. हे होत नाही म्हटल्यावर दुसरी तोड. एका ओळीचा, आखूड, पटकन संपणारा उखाणा आपण बांधून देऊ, तोच म्हणायचा. सुवर्णा म्हणाली, तिथं काय तोंडात येईल ते माझ्या हातात नसतं. नवसाबाई म्हणाली, मग एखादं देवाचं नाव तयार ठेव. महादेव लय कामाला येतो. पंचवटीत कितीक बाया त्याच्यावर भागवतात.

"आई, मला अर्धा सोडायला शिकव."

सुई थांबली. असलं शिक्षण आपल्याकडं नाही, असं नवसाबाई कडक आवाजात म्हणाली. आजवर किती पोरींना पुरं करायला शिकवलं, मधे सोडायला एकीलाही नाही.

सुवर्णा तिच्याजवळ सरकून बसली. तिनं ओंजळभर फुलं उचलली आणि ती एकेक आईच्या हाताशी ठेवत हळूहळू सांगू लागली. वर गेल्यावर मागं कॅमेऱ्याशी एक जण बसलेला असतो, बाजूला ललित असतो. मी यमक शोधत बसले तर विमान एका पंखावर कलायला लागेल आणि मला ते छानच वाटेल. खाली डोंगर असतो. मी हसत असेन, आई. शेवटपर्यंत हसतच असेन. मला कळणारसुद्धा नाही.

चिमाजींनी निवडायचं थांबवलं होतं.

"घाबरनारबी नाय तू?" नवसाबाईनं विचारलं.

"नाही. तेच तर वाईट आहे."

नवसाबाईनं हाराची गाठ मारली, दोरा दातानं तोडला. "मग सोड मधीच," ती म्हणाली. "अर्धा ऱ्हायला तर ऱ्हायला. कुनाला काय दोष लागायचा तो माझ्या नावावर लागू दे. मी बघून घेते त्याच्याशी."

तिसऱ्या फेरीच्या दिवशी कारखान्यातली ठकठक बंद होती. सुट्टी असावी. सुवर्णा खुर्चीत बसली, पट्टा आवळला, मास्क काढून उजव्या गुडघ्यावर ठेवला. या वेळी नकाशावरची गावं ओळखून बोट ठेवायचं काम होतं. माइकवर डॉक्टरबाई एकेक नाव सांगत होत्या. सिन्नर. बोट ठेवलं. येवला. ठेवलं. दिंडोरी. ठेवलं. हवा पातळ होत गेली. कागदावरच्या नद्या जरा जास्तच निळ्या दिसायला लागल्या. डॉक्टरबाईंनी वणी विचारलं, आणि वणीवर बोट ठेवता ठेवता सुवर्णाच्या ओठांवर ओळ आली:

"सप्तशृंगीचा गड दिसला, ढग राहिले खाली…"

आणि या वेळी दुसरी ओळही आली. शोधावी लागली नाही. आतून ती अशी वर येत होती, जशी विहिरीतून भरलेली घागर वर येते, काठोकाठ, पाणी हिंदकळत, तेजाळ. यमक होतं. नाव होतं. कुणाचं ते अजून दिसत नव्हतं, पण होतं, आणि ते बरोबर होतं, असं नाव आजवर कुणी घेतलं नसेल. बस, तोंड उघडायचं. एक ओळ. एका ओळीला वेळ तो किती लागतो.

यादवनं एक पाऊल पुढं टाकलं. मागच्या बाकावर ललित उठून उभा राहिला.

सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी ती ओळ सुंदर होती. ती हसत होती. हसता हसताच तिनं गुडघ्यावरून मास्क उचलला आणि उघडलेल्या तोंडावर दाबला. पट्टा डोक्यामागं ओढला. तिचा तिनं. पहिला श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि घागरीचा दोर सुटल्यासारखी ती ओळ खाली खाली गेली. नद्या पुन्हा साध्या निळ्या झाल्या. नकाशात तिचं बोट वणीवर नव्हतंच, ते पार अरबी समुद्रात होतं.

बाहेर आल्यावर डॉक्टर मोहिनींनी कागदावर सही केली, शिक्का मारला. मग जरा वेळ घुटमळून त्यांनी विचारलं, पुढं काय होतं. सुवर्णानं खूप आठवून पाहिलं. काहीच नव्हतं. ती ओळ तिला पुढंही कधी आठवली नाही.

"फार चांगली होती, मॅडम."

"तिथं सगळ्यांची चांगलीच असते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो गोल ठोकळासुद्धा तुला चांगलाच वाटला होता." पण म्हणताना त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो लवकर काढला नाही.

ललितनं अभिनंदन केलं, वर कृपया विमानात उखाणा आलाच तर आपलं नाव टाळावं अशी विनंती केली. ती मान्य झाली.

संध्याकाळी ओसरीवर शेजारच्या लताबाई फुलं ओवायला हात लावत होत्या. सुवर्णा पास झाल्याची बातमी त्यांनी आधीच अर्ध्या गल्लीत वाटली होती. नवसाबाईनं लेकीला ती ओळ म्हणायला लावली. एकदा, दोनदा. डोळे मिटून ऐकली. लताबाईंना राहवेना. खाली म्हटल्यावर पुढं काय अवघड हाय, त्या म्हणाल्या, गाली हाय, भाळी हाय, आली हाय, आत्ता जोडून देते. आणि बोलता बोलता त्यांनी सुरूही केलं.

नवसाबाईनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"नका जोडू, लताबाई. ह्याला दुसरी ओळ नाय."

"आँ? मंग पुढं काय म्हनायचं?"

"पुढं काय नाय म्हनायचं," नवसाबाई म्हणाली. "पुढं तिनं मास्क लावला."

आणि तिनं ढिगातून एक मोठं फूल निवडून सुईत घेतलं.